ॲक्च्युअली, बेसिकली आणि थोडं ॲडजस्ट

आमच्या घरात 'ॲक्च्युअली' हा शब्द मनमाडहून आला. त्याच्याबरोबर एक कपड्यांची बॅग होती आणि विजूमावशी होती. विजूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्नाआधी ती एका इंग्रजी शाळेत शिकवायची, लग्नानंतर नवऱ्याने नोकरी सोडायला लावली, आणि आता ती नवऱ्याचं घर सोडून आमच्या दारात उभी होती. "काय गं, अशी अचानक?" आईने विचारलं. मावशी म्हणाली, "ॲक्च्युअली ताई, बेसिकली काही नाही. थोडा प्रॉब्लेम होता." एवढ्यावर ती आत आली, पाय धुतले आणि आईबरोबर मेथी निवडायला बसली. आईने पुढे काही विचारलं नाही. आमच्या घरात अवघड गोष्ट विचारायची नाही आणि कोणी सांगू लागलं तर चहा टाकायला उठायचं, अशी रीत होती.

आम्ही तेव्हा पंचवटीत, काळारामाच्या मागच्या बोळात राहायचो. बोळ इतका अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकाला माघार घ्यावी लागायची, आणि माघार कोणी घ्यायची यावर रोज भांडण. बाबा ओझरच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस पकडायला बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत येऊन, पायांतले बूट काढता काढताच डोळे मिटायचे. बाबा फार बोलत नसत. दिवसभर कानांवर मशीनचा आवाज घेतलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, असं आई म्हणायची. ती शांतता मावशी आल्यावर जी गेली ती गेलीच. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि माझी अभ्यासाची जागा आतल्या खोलीत, फळीखाली. आतल्या आणि बाहेरच्या खोलीमध्ये दार नव्हतं, आईच्या जुन्या साडीचा पडदा होता. त्या पडद्याने इंग्रजी थोडीच अडते?

कारण महिनाभरात मावशीने आमच्या बाहेरच्या खोलीत इंग्रजी बोलण्याचा क्लास सुरू केला. तिच्या हाताशी तेवढंच होतं, आणि बहिणीच्या घरी फुकट खाणारी बाई नव्हती ती. आता मला त्याचं कौतुक वाटतं. तेव्हा मात्र माझं डोकं उठायचं. संध्याकाळी मंदिरात आरतीची घंटा सुरू व्हायची आणि इकडे सतरंजीवर बसलेली मंडळी एका सुरात म्हणायला लागायची, "हाऊ डू यू डू? फाइन, थँक यू. अँड यू? ऑल्सो फाइन." मावशीची शिकवण्याची पद्धत अशी की व्याकरणाच्या वाटेला जायचं नाही, वाक्यं पाठ करायची. आणि अडलं तर? त्यावर तिचा रामबाण उपाय होता. "अडलं की थांबायचं नाही. 'ॲक्च्युअली' म्हणायचं. तरी सुचलं नाही तर 'बेसिकली' म्हणायचं. तेही संपलं तर 'ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट'. तोवर पुढचं आपोआप येतं. समोरच्याला वाटतं, काय फाडफाड बोलतोय!"

झालं. विद्यार्थ्यांना पुढचं कधी आलंच नाही, हे तीन शब्द मात्र पक्के बसले. क्लासला रामकुंडावर विधी करणारे एक तरुण गुरुजी यायचे. परदेशातून आजोबांचं श्राद्ध करायला आलेल्या मंडळींना समजावून सांगता यावं म्हणून त्यांना इंग्रजी हवी होती. ते सरावासाठी आईकडून भाताचा गोळा मागून घ्यायचे, समोर ठेवायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ॲक्च्युअली, धिस इज युअर ग्रँडफादर." सगळा क्लास मान डोलवायचा. मी आत फळीखाली तोंडात ओढणी कोंबून बसायचे. आणि हे काही क्लासपुरतं राहिलं नाही. बोळभर पसरलं. दूधवाला म्हणू लागला, "बेसिकली आज दूध कमी हाय." समोरच्या काकू कोणाच्या मयताला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट, गेलेच ते." आई भाकरी थापताना, हात पिठाचे, चूल धगधगलेली, तोंडाने मात्र "ऑल्सो फाइन, ऑल्सो फाइन." बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि 'ऑल्सो फाइन' हे आमचं त्या वर्षभराचं रात्रीचं जेवण होतं.

पण मावशीच्या या शब्दांपेक्षा मला जास्त चीड येई ती आईच्या एका शब्दाची. आई सातवी शिकलेली. तिच्या तोंडात इंग्रजी शब्द फार नव्हते, पण एक होता आणि तो ती मिठासारखा सगळीकडे घालायची. ॲडजस्ट. पाणी कमी आलं, ॲडजस्ट करा. पाहुणे जास्त आले, ॲडजस्ट करा. माझी गादी मावशीला दिली, मी चटईवर, "थोडं ॲडजस्ट कर गं, राणी." एकदा मी ओरडले, "आई, या शब्दाला मराठीत काय म्हणतात ते तरी सांग!" आई विचारात पडली. मग म्हणाली, "सांभाळून घेणं." मी म्हटलं, "नाही. सोसणं म्हणतात." आईने माझ्याकडे पाहिलं, कणकेचा गोळा परातीत आपटला आणि मला कोथिंबीर आणायला बाजारात पिटाळलं.

हे लिहिताना मला वाटतं की माझा हा तापट स्वभाव वयाबरोबर निवायला हवा होता. पण जगच निवू देत नाही. परवा बँकेत गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, आय विल गेट बॅक टू यू." ती माझ्यासमोर बसलेली, मी तिच्यासमोर उभी. बाई, तू गेलीसच कुठे परत यायला? माझा मुलगा दर दोन शब्दांनंतर 'लिटरली' म्हणतो. भूक लागली की तो लिटरली मरतो आणि पोहे खाल्ले की लिटरली जिवंत होतो. माझ्या एका मैत्रिणीचा गुडघा बदलला, तर ती त्याला 'माझी जर्नी' म्हणते. पलंगापासून मोरीपर्यंत चालली, त्याला जर्नी! आणि कोणाचं काही वाईट झालं, नोकरी गेली, घर मोडलं, की सगळे खांदे उडवून म्हणतात, "इट इज व्हॉट इट इज." याचा अर्थ काय, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. असो. मी कुठे होते? मावशीपाशी.

मावशी घर सोडून का आली हे मला वर्षभर कळलं नाही. आईलाही नीट माहीत नव्हतं, हे मला नंतर समजलं. मावशीने एक-दोनदा सांगायचा प्रयत्न केला असावा. मी पडद्याआडून ऐकलेलं आठवतं. आई लसूण सोलत होती. मावशी म्हणाली, "ताई, ॲक्च्युअली त्यांचा स्वभाव बेसिकली थोडा स्ट्रिक्ट आहे." आई म्हणाली, "पुरुष असतातच तसे. ॲडजस्ट होतं हळूहळू." मावशी म्हणाली, "हो, ते आहेच म्हणा." मग दोघी लसूण सोलत राहिल्या. कोणी बोळात विचारलं की आईचं ठरलेलं उत्तर असे, "काही नाही हो, थोडं मिसअंडरस्टँडिंग झालंय. जाईल परत." हा शब्द ती मावशीकडूनच शिकली होती आणि मोठ्या ऐटीत वापरायची.

पावसाळा सरला, द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू झाल्या, आणि एक दिवस समोरच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला की मनमाडची मंडळी रविवारी येत आहेत. मावशीचा नवरा, अरविंदराव, आणि त्यांचे थोरले भाऊ, भाऊसाहेब. बसून बोलू, सगळं मिटवू आणि विजूला घेऊन जाऊ. आमच्याकडे अशा बैठकीला विचारविनिमय म्हणत असले तरी निर्णय आधीच झालेला असतो. आईने तो केला होता. रविवारी सकाळपासून ती कामाला लागली. चक्का आदल्या दिवशीच टांगून ठेवलेला, त्याचं श्रीखंड घोटलं. पुऱ्यांचं पीठ मळलं. बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी. आणि मग तिने देवापुढे एक ताट मांडलं. त्यात खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, हळदीकुंकवाची कोयरी. ओटीचं ताट. माहेरहून सासरी निघालेल्या बाईची ओटी भरून पाठवणी करायची, ही रीत. मावशी आंघोळ करून बाहेर आली, तिने ते ताट पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. "ताई, हे काय?" एवढंच तिने विचारलं. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "अगं, किती दिवस असं? लोक विचारतात. थोडं तू ॲडजस्ट कर, थोडं ते करतील." मावशी आत गेली आणि बॅग भरायला लागली. माझ्या अंगाची लाही झाली. मी आईला म्हटलं, "तिला विचारलंस तरी का?" आई म्हणाली, "तू पुऱ्या लाट."

दुपारी मंडळी आली. अरविंदराव इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन, दिसायला सभ्य. खरं सांगायचं तर मला ते आवडलेही असते. भाऊसाहेब जाडजूड, बोलायला तयार. बाहेरच्या खोलीत, जिथे रोज क्लास भरायचा त्याच सतरंजीवर सगळे बसले. बाबा भिंतीला टेकून. आई दाराशी. मावशी कोपऱ्यात, पदर खांद्यावरून घेऊन. मी पडद्यापाशी उभी, हातात लाटणं तसंच. अरविंदरावांनी सुरुवात केली. "हे बघा दादा, टु बी फ्रँक, आय हॅव नो इगो. झालं ते मिसकम्युनिकेशन. लेट अस बी प्रॅक्टिकल. संसार म्हटला की अप्स अँड डाउन्स असणारच." भाऊसाहेब म्हणाले, "करेक्ट. शेवटी मॅच्युरिटी महत्त्वाची." मग पुन्हा अरविंदराव, "ॲट द एंड ऑफ द डे, फॅमिली इज फॅमिली." मला कळेना, हा माणूस बायकोला न्यायला आलाय की नोकरीचा इंटरव्ह्यू द्यायला. इतकी वाक्यं झाली पण झालं काय होतं, हे त्यात कुठेच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी बाबांकडे पाहिलं. बाबा अरविंदरावांच्या तोंडाकडे बघत होते, मशीन बिघडलं की बघतात तसे.

"विजू, तुला काय म्हणायचंय?" बाबांनी विचारलं. तिला आमच्या घरात कोणी असं सरळ पहिल्यांदाच विचारत होतं. मावशीने मान वर केली. म्हणाली, "ॲक्च्युअली भावोजी..." आणि थांबली. मग, "बेसिकली कसं आहे..." पुन्हा थांबली. "ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट..." भाऊसाहेब हसले. "बोला ना, टीचर आहात तुम्ही. इंग्लिशमध्ये बोला हवं तर." मावशी पुन्हा म्हणाली, "ॲक्च्युअली..." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी आई पुटपुटली, "येते म्हण, विजू. म्हण ना."

तेव्हा माझं डोकं फिरलं. वर्षभराचं साठलेलं होतं, ते 'ऑल्सो फाइन', ते 'ग्रँडफादर', ती चटई, ते ताट, सगळं एकदम वर आलं. आमच्याकडे बैठकीत पोरीबाळींनी तोंड उघडायची पद्धत नव्हती. मी पडदा बाजूला सारून ओरडले, "मावशी, मेलं ते ॲक्च्युअली! मराठीत सांग! काय केलं यांनी तुला?"

भाऊसाहेब म्हणाले, "ही कोण मधेच?" आई म्हणाली, "सुमे, आत हो." पण बाबांनी हात वर केला, आणि बाबांनी हात वर केला की आमच्या घरात सगळे थांबायचे, कारण ते कधी करतच नसत. मावशी माझ्याकडे बघत होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. हळू, एका सुरात.

"हे कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचे. रोज. सकाळी गेले की संध्याकाळी उघडायचे. मी खिडकीतून शेजारणीशी बोलले तर खिडकीला पण खिळे मारले. एकदा स्टोव्हचा भडका झाला. पडदा पेटला. मी दार बडवत होते. लोकांनी कडी तोडून मला बाहेर काढलं. संध्याकाळी हे आले आणि आधी विचारलं, कडी कोणी तोडली? दुसऱ्या दिवशी नवी कडी बसवली. नवं कुलूप आणलं, मोठं. मी इथे आले त्या दिवशी हे कुलूप लावायला विसरले होते. म्हणून आले. मी परत जाणार नाही."

तिने उजव्या हाताची बाही वर सरकवली. कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता. वर्षभर ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची, आणि मी मनात म्हणायचे, काय ही फॅशन. अरविंदराव चाचरले. "ते... इट वॉज फॉर हर सेफ्टी. एरिया चांगला नव्हता." भाऊसाहेब लगेच म्हणाले, "दॅट्स व्हॉट आय ॲम सेइंग. गैरसमज. कुलूपबिलूप नाही लावणार आता. हो की नाही रे? झालं. विषय संपला. थोडं ॲडजस्ट करायचं." तो शब्द त्यांनी आईकडे बघून म्हटला, कारण या घरात त्याला मान आहे हे त्यांना माहीत असावं.

आई दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती बहिणीच्या हाताकडे बघत होती. ती पुढे आली, मावशीची बाही हळूच खाली सरकवली आणि बटण लावलं. मग भाऊसाहेबांना म्हणाली, "पानं वाढलीत. जेवून जा. विजू येणार नाही." भाऊसाहेब म्हणाले, "अहो ताई, असं एकदम कसं? विचार करा." आई म्हणाली, "श्रीखंड आहे. गरम पुऱ्या काढते." ती पाहुणचार सोडायला तयार नव्हती. भाऊसाहेब उठले. "आम्ही या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही." तेव्हा बाबा बोलले. "मग उन्हाचं सांभाळून जा," ते म्हणाले आणि उठून दार पूर्ण उघडं करून उभे राहिले. अरविंदराव चपला घालताना अजून काहीतरी इंग्रजीत म्हणत होते. बोळात समोरून स्कूटर आली आणि त्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

ते गेल्यावर आई मटकन खाली बसली. मग रडली. "तू मला सांगितलं का नाहीस?" ती मावशीला विचारत होती. मावशी म्हणाली, "सांगत होते गं." दोघीही रडत होत्या, आणि आत कढईतलं तेल तापून धुरायला लागलं होतं, ते मी जाऊन उतरवलं. नंतर आई उठली, देवापुढचं ते ताट उचलून आणलं. मला वाटलं, आता ती ते आवरून ठेवणार. तिने मावशीला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि तिच्या पदरात नारळ, खण, तांदूळ घालून ओटी भरली. मावशी म्हणाली, "ताई, आता कशाला? मी कुठे चाललेय?" आई म्हणाली, "कुठे नाही. म्हणूनच." ओटीच्या तांदळाचं गोड करून घरात सगळ्यांनी खायचं असतं. मावशीने दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा आणि नारळाचा नारळीभात केला. गूळ जरा जास्त पडला होता. बाबांनी दोनदा मागून घेतला.

त्या बुधवारी मी आईबरोबर नदीकाठच्या, आमच्या भाषेत गंगेवरच्या, बाजारात गेले. आमचा बोळ अर्धा तिथेच भेटायचा. समोरच्या काकू वांगी निवडत होत्या. आईला पाहून त्यांनी वांगं हातात तसंच धरलं आणि मोठ्याने विचारलं, "काय हो, मनमाडची मंडळी येऊन गेली म्हणे? विजू नाही गेली?" चार बायका वळल्या. आता आई काय म्हणणार हे मला पाठ होतं. आईने पिशवी खाली ठेवली.

"नाही पाठवली," ती म्हणाली. "नवरा तिला कुलपात कोंडायचा. आगीत मेली असती. आता ती माझ्याकडेच राहील."

काकूंनी वांगं परत टोपलीत ठेवलं. भाजीवाली म्हणाली, "लय चांगलं केलं, बाई." आई तिच्यापुढे उकिडवी बसली, कोथिंबिरीची जुडी उचलून वास घेतला आणि म्हणाली, "ही कालची आहे. ताजी दे."